आजचे तरुण आईबाप लहान मुलांना कसे वाढवतात? मला समजून घ्यायचं आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं, २०१९ साली निवृत्त झाले. घर वाईजवळ. सध्या पुण्याला लेकीकडे आहे. लेक-जावई दोघंही नोकरीला. लेकीची २६ आठवड्यांची रजा संपली, सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमत नाही, म्हणून मी आले. नात नऊ महिन्यांची आहे.

परवाचा प्रसंग सांगते. नात तिच्या उंच खुर्चीत बसली होती. पुढ्यात उकडलेल्या बिटाच्या बोटाएवढ्या फोडी ठेवलेल्या. ही आपल्या हातानं उचलते, तोंडात घालते, दाबते, थुंकते. हात, गाल, कान, सगळं लालेलाल. मी शेजारी चवळी निवडत होते. एकाएकी तिचा चेहरा तांबडा झाला, जीभ बाहेर आली आणि ती ओकारी काढायला लागली. मी ताडकन उठले आणि बोट घालून फोड काढायला गेले. लेकीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "आई, थांब. तिला खोकू दे." दोनतीनदा खोकून नातीनं फोड बाहेर टाकली आणि तीच फोड पुन्हा उचलून तोंडात घातली.

मी काही बोलले नाही. गॅलरीत जाऊन वाळलेली दुपटी काढत बसले. खरं सांगते, फार लागलं मला. दोन मुलं वाढवली, शाळेत शेकड्यांनी सांभाळली, आणि आज माझ्याच नातीपासून माझा हात बाजूला केला. रात्री झोप लागेना तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. माझं मनगट धरलेला लेकीचा हात थरथरत होता. म्हणजे भीती तिलाही वाटत होती. तरीही तिनं मला थांबवलं. का?

अशा अनेक गोष्टी आहेत. सहा महिने पाण्याचा थेंब नाही. घुटी नाही, काजळ नाही, मधाचं बोट नाही. वर्षाची होईपर्यंत मीठ-साखर नाही. राईची उशी मी शिवून आणली होती, ती कपाटात आहे. पांगुळगाडा नको म्हणाले. फोन दाखवत भरवायचं नाही. ती पडली तर "जमिनीला हात्त कर" म्हणायचं नाही. पाहुण्यांना पापी घेऊ द्यायची नाही. लेकीला विचारलं तर ती सांगते, पण दमून आलेली असते, दोन वाक्यांत सांगते आणि मला ते तोडून बोलल्यासारखं वाटतं. म्हणून इथे विचारते. मला वाद घालायचा नाही. तुम्ही तरुण आईबाबा हे सगळं कुठून ठरवता, कसं ठरवता, ते मला कळून घ्यायचं आहे.

गुलबक्षी

काकू, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी तुमच्या लेकीच्याच जागी आहे. मुलगा चौदा महिन्यांचा, मी आयटीत, नवरा बँकेत.

कुठून ठरवतो म्हणालात, तर रात्री तीन वाजता ठरवतो. बाळ दूध पिऊन परत झोपतं, आपली झोप उडालेली असते, तेव्हा फोनवर वाचत बसायचं. जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते, आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना काय म्हणते, सोसायटीतल्या आयांच्या गटात कोणी काय केलं. ह्याला लोक "गूगल बघून मूल वाढवणं" म्हणतात. माझी आई बाळंत झाली तेव्हा घरात आजी, दोन काकू आणि मालिशवाली बाई होती. काही विचारायचं तर उंबऱ्यात उभं राहून विचारता यायचं. मी विचारायला गेले की समोर भिंत आणि फोन. आमच्याकडे माणसं नाहीत म्हणून आम्ही माहिती गोळा करतो. हातात तेवढंच उरलंय.

आणि आम्ही "नाही" म्हणतो त्यातल्या प्रत्येक "नाही"मागे कारण असतं हो. पण दिवसातून पंधरा वेळा तेच कारण सांगायची ताकद राहत नाही. मग नुसतं "नको" तोंडातून जातं. समोरच्याला ते लागतं, तेही कळतं, पण तेव्हा बाळ रडत असतं.

सह्यवारा

काकू, मनगटाबद्दल लिहिलंत ते फार खरं आहे. वाचतोय.

बालरोग_कोल्हापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पंचवीस वर्षं झाली. काकूंनी कारणं विचारली आहेत, तर मला ठाऊक आहेत ती देतो.

आधी बिटाची फोड. नऊ महिन्यांच्या बाळाची ओकारीची जागा जिभेवर बरीच पुढे असते. घास जरा मागे गेला की शरीर स्वतःच तो पुढे ढकलतं. त्यात आवाज येतो, खोकला येतो, चेहरा लाल होतो. हे दिसायला भीतीदायक असतं, पण हे बाळाचं संरक्षण आहे. त्या वेळी बोट घातलं तर पुढे आलेला तुकडा मागे सरकून श्वासनलिकेत अडकू शकतो. तुमच्या लेकीनं अगदी योग्य केलं. घास खरोखर अडकतो तेव्हा आवाज बंद होतो. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा मात्र एक क्षणही थांबायचं नाही. शेंगदाणा, फुटाणा, अख्खं द्राक्ष आणि कच्च्या गाजराचा तुकडा ह्या वयात देऊच नये. द्राक्ष उभं चिरून चार भाग करून द्यावं.

मध वर्षाच्या आत नको, कारण त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. काजळात शिसं सापडलेलं आहे. सहा महिने वरचं पाणी नको, कारण आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं, अगदी मे महिन्यातही. इवल्याशा पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, आणि जंतू जातात ते वेगळंच. घुटीबद्दल माझे स्वतःचे वडीलधारे माझ्यावर नाराज होते. पण सहाण किती स्वच्छ आहे, मुळी किती जुनी आहे, जायफळाचे वळसे किती पडले, ह्यावर कुणाचाच ताबा नसतो. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो छान झोपलं. नाकात तेल सोडणं आणि तान्ह्याच्या छातीतून दूध पिळून काढणं ह्या दोन गोष्टींनी आजारी झालेली बाळं मी दवाखान्यात पाहिली आहेत. पहिल्याने न्यूमोनिया होतो, दुसऱ्याने गळू.

राईची उशीही नको. बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवायचं, उशीशिवाय. पांगुळगाड्यात बाळ जेवढ्या वेगानं जातं तेवढ्या वेगानं मोठा माणूस पोहोचत नाही. जिना, गरम चहा, बादली, अपघात तिथेच होतात. कॅनडात तर २००४पासून पांगुळगाड्याच्या विक्रीवर बंदी आहे.

स्क्रीनबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी की दोन वर्षांखाली अजिबात नको, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबत. आजीशी व्हिडिओ कॉल चालतो. त्याला मुद्दाम सूट दिलेली आहे, कारण तिथे समोर बोलणारं, उत्तर देणारं आपलं माणूस असतं.

पण मालिश, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, अंगाई, मऊ भात-तूप, नाचणीचं सत्त्व, चिऊ-काऊचा घास, ह्यातलं काहीही आम्ही बंद केलेलं नाही. उलट आईच्या अंगाखांद्यावरचा स्पर्श आणि दिवसभराचं बोलणं ह्याला पर्याय नाही.

आजोबा_नाशिक

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. मध, काजळ मान्य. पण आजच्या मुलांकडे बघून मला वाटतं की ती मूल वाढवताना सतत घाबरलेली असतात. माझ्या सुनेच्या फोनमध्ये बाळानं कोणत्या बाजूला किती मिनिटं दूध प्यायलं, किती लंगोट ओले झाले, किती वाजता झोपलं, सगळ्याची नोंद. एक दिवस नोंद राहिली तर ती रडली. मला तिची काळजी वाटते. मूल रांगायला दहा दिवस उशीर झाला की शेजारच्या मुलाशी तुलना. आमच्या वेळी अज्ञान होतं, कबूल. पण आम्ही रात्री झोपत होतो. इतकं कळूनही ही लेकरं सुखात का नाहीत, हे मला कोणी सांगावं.

गुलबक्षी

आजोबा, रागावू नका, पण तुमच्या वेळी रात्री आजोबा झोपत होते. आजीही झोपत होत्या का, हे एकदा त्यांना विचाराल?

नोंदींचं मात्र तुमचं खरं आहे. मीही ठेवत होते. माझा मुलगा जन्मला तेव्हा वजन कमी होतं, आणि पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनीच नोंद ठेवायला सांगितली. पुढे वजन वाढलं तरी सोडवेना. आपण बरोबर करतोय हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, त्या आकड्यांशिवाय. चौथ्या महिन्यात माझी मावशी आठ दिवस राहायला आली. तिनं बाळाला मांडीवर घेऊन नुसतं म्हटलं, "गुटगुटीत झालाय गं." त्या रात्री मी ते ॲप काढून टाकलं. सुनबाईंना एवढंच म्हणून बघा.

आजोबा_नाशिक

पत्नीला विचारलं. दोन्ही मुलांच्या वेळी वर्षभर सलग झोप झाली नव्हती म्हणाली. मला हे आज कळलं. सुनेशी बोलतो.

पाटाचं_पाणी

बाबांच्या बाजूनं लिहितो. मूळ गाव संगमनेर तालुक्यात, शेती, एकत्र कुटुंब. माझ्या वडिलांनी मला चारचौघांत कडेवर घेतलेलं कुणालाच आठवत नाही. मोठ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलायचं नाही अशी रीतच होती. पुतण्याला खांद्यावर घेऊन फिरायचे, मला नाही. प्रेम नव्हतं असं नाही, आजारी पडलो तर रात्रभर ओट्यावर बसून राहायचे.

आमचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. बायकोला सहा महिन्यांची रजा मिळाली ती २०१७च्या कायदा दुरुस्तीमुळे. मला कंपनीनं पाच दिवस दिले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस तरी आहेत, खाजगीत कायद्यानं बापाला काहीच नाही. पाच दिवसांतले तीन रुग्णालयातच गेले.

बायकोचे टाके दुखत होते, खाली बसता येईना. मालिशवाली मिळेना. मग मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आईनं गावाकडून मला शिकवलं. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, घोटे थोडे जुळवून पोटऱ्यांवर बाळ पालथं घ्यायचं, मान बाहेरच्या बाजूला, हनुवटीखाली हात. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घालून बघायचं. पहिल्या दिवशी मी इतका ताठ बसलो होतो की मांडीला गोळे आले. आई फोनमधून सारखी म्हणत होती, "सैल सोड रं पाय, लेकराला तुझी भीती कळती." वडील मागे उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आईला आठवण केली, "आंघोळीची वेळ झाली, लाव फोन."

दिवाळीला गावी गेलो तेव्हा वडिलांनी सगळ्यांदेखत नातवाला माझ्या हातातून घेतलं आणि मळ्याकडे चालायला लागले. काकू, जुनं-नवं असं वेगळं मला करताच येत नाही. न्हाऊ घालायची पद्धत आईची, घालणारा मी.

रानजाई

पाटाचं पाणी, किती छान लिहिलंत. माझ्या जावयांचंही असंच आहे. रात्रीचं दुपटं तेच बदलतात. आधी मला अवघडल्यासारखं व्हायचं, मी उठून जायचे. ते म्हणाले, "आई, तुम्ही झोपा, दिवसभर तुम्हीच बघता." पाय चेपल्यासारखं बरं वाटलं त्या शब्दांनी.

इसारकाठ

म्युनिकहून लिहिते आहे. इथे दोघा पालकांना मिळून चौदा महिने पालक-भत्ता मिळतो, आणि मूल तीन वर्षांचं होईपर्यंत नोकरी राखून सुट्टी घेता येते. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, विम्यातून. माझी सुईण साठीची होती. बाळाला तोलायची, माझ्या टाक्यांकडे बघायची, आणि निघताना नेहमी विचारायची, "आज तू गरम जेवलीस का?" पाळणाघरात घालताना दोनतीन आठवडे आईनं तिथेच बसायचं, रोज थोडं थोडं दूर जायचं. मूल रडत टाकून यायचं नाही.

एवढं सगळं असूनही, आईचा व्हिसा संपून ती परत गेली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले होते. आईनं जाण्याआधी तीन किलो अळिवाचे लाडू करून ठेवले होते. काकू, तुमची लेक थोडक्यात बोलत असेल, पण तुम्ही घरात आहात ह्याचं मोल तिला नक्की ठाऊक आहे.

कोयता_काठ

मी अंगणवाडी सेविका आहे, बीड जिल्ह्यात. सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडचे तरुण आईबाप वेगळे आहेत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या पुढे-मागे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई एकोणीस-वीस वर्षांची, लेकरू कडेवर. पहाटे थंडीत फडात. लेकराला पाचटावर गोधडी टाकून निजवायचं, नाहीतर बैलगाडीखाली झोळी बांधायची. त्या आईला बिटाची फोड कशी द्यावी ते वाचायला वेळ कुठून येणार? दुपारी लेकरू रडलं की पाच रुपयांचा तिखट पुडा हातात देतात आणि मोबाईल लावून देतात. फडात साप-विंचू असतात, लेकरू एका जागी बसलं पाहिजे. ती आई वाईट नाही. तिला दुसरं माणूस नाही. म्हातारी माणसं गावाकडं मोठ्या पोरांना घेऊन राहिलेली असतात.

एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या की मी लेकरांचा दंड मोजायची पट्टी घेऊन बसते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; हिरवं म्हणजे लेकरू चांगलं. गेलेलं हिरवं लेकरू पिवळ्यात किंवा लाल पट्ट्यात परत आलेलं बघितलं की रात्री जेवण जात नाही. आता अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतराची नोंद करता येते, म्हणजे जिथं टोळी उतरली तिथल्या अंगणवाडीत आहार मिळू शकतो. पण खोप्या गावापासून लांब असतात, आणि आई उजाडायच्या आत फडात गेलेली असते.

तरी ह्या पोरी शिकतात. मागल्या वर्षी एका आईला मी दाखवलं, भिजवलेले शेंगदाणे अख्खे द्यायचे नाहीत, कुटून पेजेत घालायचे. ती बाजरीची पेज करून डब्यात घेऊन जायची फडात, दर दोन तासांनी चार चमचे. तिचं लेकरू हिरवं परत आलं. मोबाईलवर तिनं मला फोटो पाठवला होता, उसाच्या मोळीवर बसलेला, तोंडभर पेज. तुमच्या शहरातल्या पोरी जे रात्री तीनला वाचतात, ते तिनं मला एकदा विचारलं आणि केलं. विचारायला माणूस पाहिजे.

बालरोग_कोल्हापूर

ताई, तुमच्या कामाला नमस्कार. आमच्याकडेही साखर कारखान्यांच्या हंगामात अशी मुलं येतात. बहुतेक वेळा उशिरा येतात.

रानजाई

कोयता_काठ ताई, तुमचं वाचून माझा सगळा रुसवा गेला.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांच्याबद्दल शिकले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. मुलानं स्वतःच्या हातानं करावं, मोठ्यांनी हात मागे घेऊन बघावं, त्याला मारू नये, त्याचा अपमान करू नये, हे सगळं त्याच शिकवणीत होतं. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. शाळेत थोडंफार पाळलंही. घरी नाही पाळलं. माझ्या मुलांना मी धरून, मांडीत दाबून भरवलंय, तीन महिन्यांची रजा संपली की शेजारच्या घरी टाकून शाळा गाठायची असायची. सातची एसटी चुकली तर पुढची साडेनऊला. घास पोटात गेला पाहिजे, एवढंच डोक्यात.

काल लेकीला हे सगळं दाखवलं. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत खोकला थांबला नसता तर काय करायचं ते मी इतक्या वेळा बघून ठेवलंय." तिनं टॉवेल गुंडाळून त्याचं बाळ केलं आणि घास अडकला तर काय करायचं ते मला शिकवलं. माझ्या हातानं करून घेतलं, चारदा. जावई म्हणाले, मलाही पुन्हा शिकव.

आज दुपारी घरात आम्ही दोघीच. नातीपुढे मऊ भाकरीचा तुकडा आणि वाटीत मुगाचं कढण. एकदा ओकारी आली तिला. मी दोन्ही हात पदरात धरून बसले आणि मोजलं. सहाव्या आकड्याला तिनं तुकडा बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

कोयता_काठ

रानजाई ताई, त्या टॉवेलचं मला नीट लिहून द्याल का? टोळ्या निघायच्या आधी, गुरुवारी आयांची बैठक घेतेय. त्यांना करून दाखवीन. फडात दवाखाना लांब असतो.

बालरोग_कोल्हापूर

मीच लिहितो, म्हणजे चूक व्हायला नको. वाचून दाखवता येईल असं लिहितो.

लेकरू वर्षाच्या आतलं असेल, घास अडकला, आवाज बंद झाला, खोकता येत नाही, तर आधी मोठ्यानं हाक मारून कुणालातरी बोलवा आणि १०८ला फोन करायला सांगा. आपण बसा. लेकराला एका हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांनी धरून, हात मांडीवर टेकवून. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या खालच्या भागानं पाच जोरदार थापा. निघालं नाही तर उताणं करा, डोकं खालीच. दोन स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा पालथं, पाच थापा. वस्तू बाहेर येईपर्यंत किंवा लेकरू रडेपर्यंत आलटून पालटून. तोंडात दिसत नसेल तर बोट घालू नका. पाय धरून उलटं लटकवू नका. लेकरू निपचित पडलं तर छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं सुरू करावं लागतं, ते बैठकीला येणाऱ्या आरोग्यसेविकेकडून करून घ्या. वस्तू निघाली तरी नंतर दवाखान्यात दाखवाच.

कोयता_काठ

वहीत उतरवून घेतलं. टॉवेल नाही, गोधडीचं बाळ करीन.